बाजारात तुरी

विमाननगरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी परदेशी माणसांना मराठी शिकवते.
मंगळवार-शुक्रवार, साडेसहा ते आठ.
बसऱ्याचा हैदर, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला.
चाकणच्या कारखान्यातल्या साहेबाची बायको युन-सो.
आणि लोथार, वय एकाहत्तर,
ज्याला मोडी वाचायचीय
आणि रिक्षावाल्यांशी नीट भांडायचंय.

त्या शुक्रवारी सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी.
एका थोर देशाने एका लहान देशावर
पहाटे बाँब टाकले,
कारण लहान देश पुढेमागे काहीतरी करणार होता.
लोथारने विचारलं, याला मराठीत काय म्हणतात?
मी फळ्यावर लिहिलं : प्रतिबंधात्मक युद्ध.
प्रतिबंधात्मक म्हणजे, लस असते ना, तसं.
हैदरने वहीत उतरवलं नाही.

शब्द मलाही पटला नव्हता. पुसला.
म्हटलं, आपल्याकडे एक म्हण आहे :
बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.
तुरी अजून बाजारातच. घरात दाणा नाही.
वरण घट्ट की पातळ यावरून वाद,
आणि तिच्या पाठीत रट्टा.
सव्वीस वर्षं शिकवतेय मी ही म्हण.
इथे वर्ग हसतो. मी हसण्यापुरती थांबते.

युन-सोने शब्दकोश उघडला.
मारी म्हणजे नुसतं मारतो,
की जीव जाईपर्यंत?
मराठीत दोन्हीला एकच धातू, मी म्हटलं,
आणि पहिल्यांदाच ते माझ्या कानाला लागलं.

लोथार म्हणाला, भट सांगेल,
ही वरण करपवणारच होती, माझ्याकडे पुरावा आहे.
शेजारी म्हणतील, दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा.
(बाळगावा अगदी बिनचूक आलं त्याला.)
मग जरा वेळाने, फळ्याकडे बघत :
आमच्याकडेही असंच सांगून सैन्य निघालं होतं.
शाळेत असताना मी वडिलांना विचारलं,
तुम्ही गेलात तिथे, तुरी होत्या का?
ते जेवणावरून उठून गेले.

तेवढ्यात लोहगावहून सुखोई उठलं.
आपल्याला सवय आहे. आपण वाक्य अर्ध्यावर ठेवतो,
आवाज ओसरला की तिथूनच उचलतो.
हैदरची बोटं बाकाखाली मोजत होती.
कितीपर्यंत मोजायचं असतं, मला ठाऊक नाही.
मी विचारलं नाही.
काचा थरथरायच्या थांबल्यावर तोच बोलला :
बाई, भटणीचं नाव काय?

म्हणीत नावं नसतात, असं सांगून
मी पुढचा धडा काढला. संकेतार्थ.
असता, असती, असतं.
जे घडलंच नाही, ते कसं बोलायचं.
बस मिळाली असती तर वेळेवर पोचलो असतो.
अशी पाच वाक्यं घरून करून आणा.

मंगळवारी हैदरच्या वहीत चार बरोबर.
पाचवं होतं :
त्यांनी केलं असतं म्हणून यांनी केलं.
समासात लाल पेनाने लिहिलं,
असतं-नंतर 'तर' येतो, 'म्हणून' येत नाही.
भाषेत येत नाही, असं लिहायला हवं होतं का?
खाली एक जास्तीचं, न मागितलेलं :
मुंतझर असता तर यंदा एकतीसचा झाला असता.
मी बरोबरची खूण केली.
केल्यावर दिसलं, कशावर केली.

रात्री धानोरीला घरी येऊन कुकर लावला.
एक वाटी तूरडाळ, हळद, हिंग.
घट्ट की पातळ, विचारणारं कुणी नाही.
पहिली शिट्टी झाली आणि वरून पुन्हा ते गेलं,
एकामागे एक, दोन.
ओट्याखाली माझा अंगठा
एकेका पेरावर सरकत होता.
सहा. सात. आठ.
डाळ लागल्याचा वास आला तरी मी मोजतच होते.

शुक्रवारी विचारेन त्याला,
कुठे थांबायचं असतं.